छापील नक्षीला मशीनच्या भरतकामाची जोड: फट पडू न देता कसे करावे

आधी भरतकाम उरकून मग त्याभोवती छपाई करावी, असा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. तो मनावर घेऊ नये. दोऱ्याच्या उंचवट्यामुळे स्क्रीन (छपाईची जाळीची चौकट) कापडावर सपाट टेकत नाही, टाक्यांच्या कडेला रंग सुटतो, आणि नंतर रंग पक्का करताना दाबाखाली टाके चपटे होतात. छपाई आधी आणि भरतकाम नंतर, हाच क्रम ठेवावा. कुर्ता करायचा असेल तर कापड आटवून, पुढचा भाग बेतून, शिवण्यापूर्वीच त्या सुट्या तुकड्यावर दोन्ही कामे करून घ्यावीत.

छपाई नेहमीसारखीच करावी. बाइंडरमध्ये, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणाऱ्या द्रवात, कालवलेला पिगमेंटचा रंग पूर्ण सुकू द्यावा आणि साधारण १५० अंश सेल्सियसला चार-पाच मिनिटे पक्का करावा. जिथे सुई चालणार आहे तिथे प्लास्टिसॉलचा (प्लास्टिकसारख्या छपाईच्या रंगाचा) जाड थर मी कधीच देत नाही, कारण त्या रबरी थरातून जाताना सुई तापते, तिला रंग चिकटतो आणि दोरा तुटत राहतो.

खरी कसोटी जुळवणीत आहे. एका ढोल-ताशा पथकाचे २४ पांढरे कुर्ते मी पहिल्यांदा केले, तेव्हा ढोलाचे खोड (मधला पोकळ भाग) मरून रंगात छापायचे आणि पान (वाजवायची गोल बाजू) दोऱ्याने भरायचे, असे ठरले होते. संगणकावर दोन्ही आकार अगदी कडेला कड भिडवलेले होते. पहिला कुर्ता रिंगमधून (मशीनवर कापड धरणाऱ्या चौकटीतून) काढला, तर पान लंबगोल झालेले आणि खोड व पान यांच्यामध्ये पांढऱ्या कापडाची चंद्रकोरीसारखी फट. मी चूक मशीनची समजलो, रिंग आणखी ताणून बसवली, आणि दुसऱ्या कुर्त्यावर फट वाढली.

दोष मशीनचा नव्हताच. टाका ज्या दिशेने पडतो त्या दिशेने कापड आकसते आणि त्याच्या काटकोनात भरण किंचित बाहेर सरकते, त्यामुळे संगणकाच्या पडद्यावरचे अचूक वर्तुळ कापडावर तसेच कधीही उतरत नाही. म्हणून छापील कड आणि टाक्यांची कड एकमेकींना नुसत्या भिडवू नयेत. छपाई टाक्यांच्या खाली दीड ते दोन मिलिमीटर आत शिरू द्यावी, म्हणजे कापड आकसले तरी दिसतो तो रंगच. मात्र पानाखाली सगळीकडे रंग भरण्याचा मोह टाळावा. त्याने कापड जड आणि ताठर होते. डिझाइनच्या फाइलमध्ये ओढीची भरपाई (कापड आकसेल तेवढा आकार आधीच वाढवणे) ०.२ ते ०.४ मिलिमीटर ठेवावी आणि वरच्या भरणाआधी विरळ अंडरले, म्हणजे खालचे आधाराचे टाके, अवश्य घालावा.

रिंगमध्ये कापड ढोलकीसारखे ताणून बसवावे, हा सल्ला तर मला सर्वांत घातक वाटतो. ताणलेले कापड रिंगमधून सुटले की मूळ मापाला येते आणि टाक्यांभोवती चुण्या पडतात. रिंगमध्ये फक्त नॉनवोवन पेपर (कापडाला मागून आधार देणारा, नंतर कात्रीने कापून काढायचा) घट्ट बसवावा, त्यावर चिकट स्प्रेचा हलका फवारा मारावा आणि कापड न ओढता, उभा-आडवा धागा सरळ ठेवून वर अंथरावे. हाताने फाटणारा पेपर दाट भरणाला पुरेसा आधार देत नाही.

मध्यबिंदूसाठी स्क्रीनमध्येच एक लहानशी अधिक चिन्हाची खूण ठेवावी, जी पुढे टाक्यांखाली झाकली जाईल. मशीनचे चाक हाताने फिरवून सुईचे टोक त्या खुणेवर टेकवावे आणि मग डिझाइनची सीमारेषा टाके न घालता एकदा फिरवून पाहावी. रंग पक्का करण्यापूर्वी कापडावर पाण्याने जाणाऱ्या पेनाने रेघा मारू नयेत, कारण उष्णतेने त्या कायमच्या बसतात. मी एक अख्खा पुढचा भाग असाच गमावला आहे.

सुई ७५/११ आणि दोरा ४० नंबरचा घ्यावा. भरतकाम संपल्यावर मागचा पेपर टाक्यांपासून पाच-सहा मिलिमीटर सोडून कापावा आणि इस्त्री उलट्या बाजूने, मऊ टॉवेलवर करावी. ऑर्डर कितीही घाईची असली तरी पहिला नग धुऊन, वाळवून, ग्राहकाच्या हातात देऊन होकार घ्यावा आणि मगच उरलेल्या कापडाला कात्री लावावी.