गाजर की गाजराचा रस? पोषणमूल्यांची तुलना करताना या चुका टाळा

कच्चे गाजर आणि गाजराचा रस यांची तुलना बहुधा पहिल्याच पायरीवर फसते, कारण एका बाजूला १०० ग्रॅम गाजर धरले जाते आणि दुसऱ्या बाजूला एक ग्लास रस. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या गाजरात ४१ आणि तेवढ्याच वजनाच्या डबाबंद रसात ४० किलोकॅलरी दिलेल्या आहेत. हे आकडे पाहून दोन्ही सारखेच, असा निष्कर्ष काढला जातो. पण २४० मिलिलिटरच्या ग्लासात हीच ऊर्जा ९५ किलोकॅलरींच्या आसपास जाते, आणि घरी तेवढा रस काढायला एका बैठकीत आपण चावून खाऊ त्याहून कितीतरी जास्त गाजरे लागतात. म्हणून वजनास वजन, की एका वेळी पोटात जाणारे प्रमाण, हे आधी ठरवावे आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहावे.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण ती करणारा माणूस तक्ते नीट वाचणाराच असतो. गाजराचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतून आणि रसाचे आकडे अमेरिकी तक्त्यातून घेतले, तर रसात कर्बोदके बरीच जास्त दिसतात. यात सगळा दोष रसाचा नाही. अमेरिकी तक्त्यात तंतुमय पदार्थ कर्बोदकांतच मोजलेले असतात, तर आपल्या तक्त्यांत ते वजा करून कर्बोदकांचा आकडा दिलेला असतो. शिवाय आपल्याकडील तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, तिला ४.१८४ ने भागल्यावाचून किलोकॅलरीशी तुलना करू नये. गाजराचा वाणही पाहावा लागतो, कारण हिवाळ्यात बाजारात येणाऱ्या तांबड्या गाजराचा रंग मुख्यतः लायकोपीन या लाल रंगद्रव्याचा असतो आणि केशरी गाजराचा बीटा कॅरोटीनचा, म्हणजे शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवते त्या रंगद्रव्याचा.

घरी रस काढून हिशेब करणाऱ्यांनी गाजर, रस आणि चोथा या तिन्हींचे वजन करावे. बेरीज कमी भरली, तर उरलेला भाग यंत्रात किंवा गाळणीत अडकलेला असतो. जास्त भरली, तर मिक्सरमध्ये घातलेले पाणी वजा करायचे राहिले आहे. रस गाळला होता की नाही, याची नोंद तर हवीच, कारण खरा फरक तिथेच पडतो: अमेरिकी तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या गाजरात २.८ ग्रॅम तंतुमय पदार्थ आहेत आणि डबाबंद रसात ०.८. न गाळता प्यायलेल्या रसाला हा दुसरा आकडा लावणे चूक आहे.

विकतच्या रसाच्या बाबतीत घटकांची यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाजराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या रसात सफरचंदाचा रस मिसळलेला असू शकतो. तसेच टोमॅटोच्या विकतच्या रसात बहुधा मीठ असते: कच्च्या टोमॅटोत दर १०० ग्रॅमला सोडियम जेमतेम ५ मिलिग्रॅम, तर मीठ घातलेल्या डबाबंद रसात ते २५० च्या घरात जाते. हा फरक टोमॅटोच्या नव्हे, मिठाच्या खात्यावर मांडायला हवा.

शेवटची चूक म्हणजे तक्त्यात लिहिले आहे तेवढे सगळे अंगी लागते, असे मानणे. कच्च्या गाजरातील बीटा कॅरोटीन पेशींच्या भिंतींत अडकलेले असते, आणि आपण कितीही चावून खाल्ले तरी त्याचा बराचसा भाग न शोषताच बाहेर पडतो. रस काढताना त्या भिंती फुटतात, म्हणून या एका घटकाच्या शोषणात रस सरस ठरू शकतो. मात्र कॅरोटीन शोषले जायला स्निग्ध पदार्थ लागतो, जो नुसत्या रसात जवळपास नसतोच. गाजर किसून वर तेलाची फोडणी आणि दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर पेशीही काही प्रमाणात फोडते, स्निग्धांशही पुरवते आणि चोथाही टाकत नाही, तेव्हा तुलनेच्या तक्त्यात तिसरा रकाना तिच्यासाठी ठेवावा.