पहिल्या नजरेत लोकांना काय वाटतं? अक्षरं आणि फोटो घेऊन गावातच करून बघायचा प्रयोग

फाइन आर्टच्या पोट्ट्यांना ‘फर्स्ट इम्प्रेशन’ असा विषय प्रोजेक्टला आला की अर्धे जण नेटवरून चार पोस्टर उचलतात आणि मोकळे होतात. काऊन बाप्पा, गावात असाल तर हा प्रयोग शहरापेक्षा भारी होतो. मोबाइल, झेरॉक्सचं दुकान आणि आठवडी बाजार, एवढंच लागतं.

एक नियम आधीच पक्का करा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फॉन्ट बदलला, फोटोही बदलला आणि वरून कागदही गुलाबी घेतला तर लोक नेमके कशाला भुलले ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आधी अक्षरं

वाक्य एकदम कोरडं घ्या, जसं “उद्या दहा वाजता या”. यात ना आनंद ना दुःख, आणि ल-श पण नाही, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात आणि लोक तिथंच अडकतात. आता हेच वाक्य गूगल फॉन्ट्सवरच्या फुकटच्या मुक्ता, कलम, रोझा वन आणि मोदकमध्ये लावा. मुक्तामध्ये तलाठ्यानं बोलावल्यासारखं वाटतं, कलम हातानं लिहिल्यासारखा आहे म्हणून मामाची चिठ्ठी वाटते, रोझा वनमध्ये जाड-बारीक रेषांमुळे पत्रिकेचा थाट येतो आणि मोदकमध्ये तर सरळ बारसंच. शब्द तेच, हां.

पॉइंट साइज सारखी ठेवली म्हणजे अक्षरं सारखी दिसतात असं नाही. ‘वा’चा काना पट्टीनं मोजा, शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंत, आणि सगळ्या कागदांवर तो २ सेंमी येईल असं करा, नाहीतर लोक मोठ्या अक्षरालाच ‘चांगलं’ म्हणतील. डीटीपीवाल्याकडे बहुतेक कृतिदेव हा जुन्या पद्धतीचा फॉन्ट असतो, तिथं तुमच्या युनिकोडचा (म्हणजे मोबाइलवर टाइप होतं त्या मराठीचा) चिवडा होतो, म्हणून घरूनच पीडीएफ करून न्या.

मग फोटो

माणूस एकच, शर्ट तोच, जागा तीच. दाराच्या आत बसवा, बाहेरचा उजेड एका बाजूनं येऊ द्या. विदर्भातल्या दुपारच्या उन्हात काढू नका, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते आणि भला माणूस रागीट दिसतो (तेच तपासायचं असेल तर मात्र मुद्दाम काढा). फूटभरावरून काढला तर नाक फुगतं, म्हणून पाचेक फूट मागे सरका आणि थोडं झूम करा. आता एकच बदल ठरवा. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत किंवा गुडघ्याच्या उंचीवरून, नाहीतर चेहरा उघडा किंवा उन्हाळ्यात बांधतो तसा दुपट्टा बांधलेला. ज्याचा फोटो, त्याला काय करणार ते नीट सांगून परवानगी घ्या. लहान लेकरांचे फोटो नकोच.

दाखवायचं कुठे

गावात तर सगळेच ओळखतात, “हा तर अमक्याचा पोरगा” म्हटलं की इम्प्रेशन संपलं. म्हणून फोटो आपल्या गावात काढा आणि दाखवायला दुसऱ्या तालुक्याच्या बाजारात जा.

किती वेळ दाखवायचं? अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की चेहऱ्याबद्दल मत बनायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो, जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, स्वतःच्या मतावरचा भरवसा तेवढा वाढतो. मोबाइलच्या व्हिडिओ ॲपमध्ये सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) असलेल्या व्हिडिओत ३ फ्रेम म्हणजे तेवढाच वेळ. फोटोच्या लगेच मागे वेड्यावाकड्या ठिपक्यांचं चित्र टाका, म्हणजे डोळ्यात प्रतिमा रेंगाळत नाही. ते मत खरंच असतं असं मात्र समजू नका, फक्त लवकर बनतं.

एका माणसाला एकच नमुना दाखवायचा. दोन्ही दाखवले की तो तुलना करायला लागतो.

प्रश्न असा विचारू नका की “हा विश्वासू वाटतो का?” लोक भिडेखातर “हाव” म्हणतात. “हा काय काम करत असंन?” किंवा “याच्या भरवशावर बियाण्याचे पैसे आगाऊ द्याल का?” असं विचारा. पानठेल्यावर विचारलं तर दहा जण मिळून उत्तर देतात, तिथं नको, बाजूला घ्या.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्या आजीला अक्षरांचे कागद नक्की दाखवा. तिच्यापुढे फक्त आकार असतो, तरी “हे लग्नाचं हाय, हे कोर्टाचं” असं ती सांगू शकते, आणि ते उत्तर माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात किमती.

शेवटी दोन्ही एकत्र

दोन फोटो, दोन फॉन्ट, म्हणजे चार पोस्टर. प्रत्येकाला निदान दहा नवीन माणसं, म्हणजे चाळीस झाले. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजकडे जाणं झालं तर झाडीपट्टी नाटकांची (पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांची) पोस्टरं बघून या, नाव आधी खेचतं की चेहरा ते बघायला त्याहून चांगली शाळा नाही. कॉलेजात प्रोजेक्ट लावताना पोस्टरखाली आकडे लिहाच, पण लोक जसं बोलले तसंच, वऱ्हाडीतच लिहा, सर नाक मुरडले तरी.