एकमेकांवर चढलेल्या वायफाय जाळ्यांत कॉल सुरळीत ठेवण्यासाठी स्पेशियल रीयूज कसा लावावा

एका मजल्यावर चार अ‍ॅक्सेस पॉइंट, वरच्या-खालच्या मजल्यांवर दुसऱ्या कंपन्यांचे तितकेच, आणि दिवसभर सॉफ्टफोनवर बोलणारी माणसे. अशा कार्यालयात कॉल अडखळू लागला की पहिला संशय इंटरनेटच्या लाइनीवर जातो. पुष्कळदा लाइनीचा काही दोष नसतो; पॅकेट अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंत वेळेवर पोहोचते आणि तिथे हवा मोकळी होण्याची वाट पाहत बसते. वायफायचे प्रत्येक यंत्र बोलण्याआधी ऐकते, आणि २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर दुसऱ्या कुणाची वायफाय फ्रेम, म्हणजे एका दमात पाठवलेला माहितीचा तुकडा, उणे ८२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण) इतक्या क्षीण पातळीवर कानी आली तरी गप्प राहते. एक फ्रेम ५.४८४ मिलिसेकंदांपर्यंत लांब असू शकते. वरच्या मजल्यावर कुणी मोठी फाइल उतरवत असेल, तर अशा फ्रेमा एकामागून एक जात राहतात आणि तुमचा कॉल, शेजाऱ्याच्या बोलण्याने त्याला प्रत्यक्षात काहीही इजा होणार नसली तरी, थांबून राहतो.

हे अनाठायी थांबणे कमी करण्याची सोय ८०२.११एएक्स या मानकाने, म्हणजे बाजारातल्या वायफाय ६ ने, करून दिली. एकच चॅनेल जवळजवळच्या दोन ठिकाणी एकाच वेळी वापरणे याला स्पेशियल रीयूज म्हणतात. तो लावण्याची पद्धत पुढे दिली आहे. ज्यांच्या ताब्यात एकापेक्षा अधिक अ‍ॅक्सेस पॉइंट आहेत आणि त्यांची पॉवर व चॅनेल बदलण्याचा अधिकार आहे, त्यांच्यासाठी ती आहे. घरातल्या एकुलत्या राउटरवर तिचा उपयोग बेताचाच होतो.

प्रथम व्यवहार समजून घ्यावा. शेजाऱ्याच्या फ्रेमवरून आपली फ्रेम पाठवली, की घेणाऱ्याकडे सिग्नल आणि व्यत्यय यांतले अंतर घटते आणि त्यामुळे वेगाची पायरी खाली येते. मोठ्या डाउनलोडला हे महागात पडते, कॉलला नाही. जी.७११ या कोडेकचा (आवाज आकड्यांत बसवण्याच्या पद्धतीचा) कॉल दर २० मिलिसेकंदांनी १६० बाइटचा आवाज पाठवतो. सगळी शीर्षके धरून ही फ्रेम हवेत सुमारे २५० बाइटची होते. एमसीएस म्हणजे हीच वेगाची पायरी, आणि सिम्बॉल म्हणजे प्रसारणाचा एक ठरावीक वेळेचा तुकडा. २० मेगाहर्ट्झवर एका स्ट्रीमने (एकाच प्रवाहाने) आणि ०.८ मायक्रोसेकंदाच्या गार्ड इंटर्व्हलने (दोन सिम्बॉलमधल्या मोकळ्या वेळेने) ती एमसीएस ९ वर पाठवली तर २ सिम्बॉल लागतात, एमसीएस ४ वर ३. एका सिम्बॉलला १३.६ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे पाच पायऱ्या खाली उतरण्याची किंमत १३.६ मायक्रोसेकंद, आणि न थांबल्याने होणारी बचत काही मिलिसेकंदांची. स्पेशियल रीयूजची भलामण एरवी एकूण थ्रूपुट वाढतो म्हणून केली जाते. माझ्या मते त्याचे खरे गिऱ्हाईक ही छोटी, घाईची पॅकेट आहेत.

हात लावण्याआधी मोजमाप

सरासरी विलंब पाहू नये, कारण सरासरीत अडखळणे लपते. गजबजलेल्या वेळी एका टेबलावरून अ‍ॅक्सेस पॉइंटमागच्या तारेने जोडलेल्या संगणकाकडे दर २० मिलिसेकंदांनी छोटी पॅकेट पाठवावीत आणि ९९ वा शतमक, म्हणजे शंभरांतली ९९ पॅकेट ज्या विलंबाच्या आत पोहोचली तो आकडा, नोंदवावा. त्याच वेळी लिनक्सवरील आयडब्ल्यू या साधनाने चॅनेलचा सर्व्हे काढावा. त्यात चॅनेल एकूण किती काळ व्यग्र होता, त्यातला किती आपल्या पाठवण्यात आणि किती घेण्यात गेला, हे स्वतंत्र आकड्यांत मिळते. घेण्याच्या आकड्यात काही चिपवर परक्या फ्रेमाही मोजल्या जातात, म्हणून शंका असेल तर वायरशार्कमध्ये फ्रेमा पकडून त्या कोणाच्या आहेत ते पाहावे. व्यग्र वेळेचा मोठा हिस्सा परक्या जाळ्यांचा किंवा आपल्याच दुसऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा असेल, तरच पुढे जाण्यात अर्थ आहे. हिस्सा त्याच अ‍ॅक्सेस पॉइंटच्या स्वतःच्या रहदारीचा असेल, तर स्पेशियल रीयूज त्याला हातही लावत नाही. तो फक्त दुसऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या जाळ्यातील फ्रेमांबाबत लागू होतो.

आधी उरकायची कामे

कॉलची पॅकेट योग्य रांगेत जातात का, हे तपासावे. आवाजाच्या पॅकेटवर सहसा ईएफ, म्हणजे ४६, ही प्राधान्याची खूण असते. तिचे वरचे तीन बिट तेवढेच वाचण्याच्या जुन्या रीतीमुळे अनेक यंत्रे ती पॅकेट आवाजाऐवजी व्हिडिओच्या रांगेत टाकतात. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटविषयक दस्तऐवजाने ही खूण आवाजाच्या रांगेशी जोडण्याची शिफारस केली आहे, आणि अ‍ॅक्सेस पॉइंटच्या क्यूओएस मॅपमध्ये (कोणती खूण कोणत्या रांगेत, या तक्त्यात) ती हाताने भरता येते. आवाजाच्या रांगेत बॅकऑफची, म्हणजे बोलण्याआधी यदृच्छेने थांबण्याची, पहिली खिडकी ० ते ३ स्लॉटची असते, सर्वसाधारण रांगेत ० ते १५ ची. एक स्लॉट ९ मायक्रोसेकंदांचा. खूणच गळून पडत असेल, तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

त्यानंतर चॅनेल. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाल्यापासून ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा मोह वाढला आहे. कॉलसाठी तेवढी रुंदी लागत नाही. रुंदी २० किंवा ४० वर आणली की वेगळी चॅनेल जास्त मिळतात आणि एकमेकांवर चढण्याचा प्रश्न पुष्कळसा मुळातच सुटतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न भिडणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. कॉल तिथे ठेवूच नयेत. एसएसआयडी, म्हणजे जाळ्याची दिसणारी नावे, हेही आवरावेत. प्रत्येक एसएसआयडीचा बीकन, म्हणजे जाळ्याची घोषणा करणारी फ्रेम, दर १०२.४ मिलिसेकंदांनी जातो आणि २.४ गिगाहर्ट्झवर तो १ एमबीपीएसने जात असेल, तर ३०० बाइटच्या बीकनला अडीच मिलिसेकंदांहून अधिक लागतात; तोच ६ एमबीपीएसवर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत संपतो.

रंग

परकी फ्रेम कोणती हे यंत्राला लवकर कळावे म्हणून वायफाय ६ च्या फ्रेमच्या आरंभी ६ बिटांचा बीएसएस कलर, म्हणजे ती फ्रेम कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या जाळ्याची हे सांगणारा आकडा, असतो. किमती १ ते ६३. ० म्हणजे रंग लावलेला नाही. हा रंग सुरुवातीच्या ३२ मायक्रोसेकंदांत वाचला जातो, आणि परका निघाला तर बाकीची फ्रेम ऐकत बसण्याची गरज उरत नाही. एका चॅनेलवरील आपल्या सर्व अ‍ॅक्सेस पॉइंटना वेगवेगळे रंग द्यावेत आणि स्कॅन करून शेजाऱ्यांच्या बीकनमधले रंग टाळावेत. दोन जाळ्यांचा रंग एकच झाला, तर परकी फ्रेम आपलीच समजली जाते आणि ती ओलांडण्याची मुभा जाते. वायफाय ४ आणि ५ च्या फ्रेमांना रंग नसतो. त्या परक्या आहेत हे शीर्षकातल्या पत्त्यावरून, म्हणजे जरा उशिरा, आणि तेही शीर्षक नीट वाचता आले तरच, समजते. म्हणून शेजारी जुने राउटर असतील तर लाभ कमी धरावा.

पॉवर आणि उंबरठा

खरी जोखीम इथे आहे. परक्या फ्रेमसाठी थांबण्याचा उंबरठा उणे ८२ वरून उणे ६२ डीबीएमपर्यंत वर नेता येतो, पण जितका तो वर, तितकी आपली पॉवर खाली, असा मानकाचा दंडक आहे. शेजारच्या खोलीतल्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायचे असेल, तर आपणही आवाज खाली आणला पाहिजे, इतके हे सरळ आहे. हिशेब असा: २१ मधून आपली डीबीएममधली पॉवर वजा करावी आणि येईल तो आकडा उणे ८२ मध्ये मिळवावा. तीन किंवा अधिक स्ट्रीम असलेल्या अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी २१ च्या जागी २५ धरतात. दोन स्ट्रीमचा अ‍ॅक्सेस पॉइंट १४ डीबीएमवर असेल तर फरक ७, म्हणून उंबरठा उणे ७५. हे आकडे २० मेगाहर्ट्झसाठी आहेत. ४० साठी ३ डेसिबल आणि ८० साठी ६ डेसिबल वर सरकतात.

उंबरठा आधी ठरवून पॉवर त्याच्यामागे ओढू नये. क्रम उलटा ठेवावा: दूरच्या टेबलाला किमान किती पॉवर लागते ते पाहावे, ती कायम करावी, आणि तिच्यातून जेवढा उंबरठा मिळेल तेवढाच घ्यावा. अ‍ॅक्सेस पॉइंटला आपोआप पॉवर बदलण्याची मुभा असेल तर ती बंद करावी किंवा अरुंद मर्यादेत बांधावी.

आता टेबलाजवळ जाऊन पाहावे, कारण ओलांडायचे की नाही हे अ‍ॅक्सेस पॉइंट स्वतःच्या कानाने ठरवतो, पण परिणाम भोगतो तो टेबलावरचा लॅपटॉप. समजा, अ‍ॅक्सेस पॉइंटला वरच्या मजल्याचा शेजारी उणे ७८ वर ऐकू येतो. उणे ७५ चा उंबरठा असल्याने तो ओलांडला जाईल. जवळच्या टेबलावर आपला सिग्नल उणे ५६ आणि शेजाऱ्याचा उणे ७७ आहे. अंतर २१ डेसिबल, एमसीएस ४ ला पुरेसे. कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र आपला उणे ६७ आणि शेजाऱ्याचा, तो नेमका त्या कोपऱ्याच्या वर असल्याने, उणे ७१. अंतर अवघे ४ डेसिबल. इथे सर्वांत खालची पायरीही टिकेल याची खात्री नाही. फ्रेम पडली तर ती पुन्हा पाठवावी लागेल, दर फेरीला बॅकऑफची खिडकी वाढेल, आणि थांबण्यात जितका वेळ गेला असता त्याहून अधिक जाईल. या टेबलासाठी गप्प राहणेच बरे होते. पॉवर २० वरून १४ वर आणली तर प्रत्येक टेबलाचा सिग्नल ६ डेसिबलने पडतो, हेही या मोजणीत धरावे, म्हणजे मोजणी नव्या पॉवरवरच करावी.

परतीची बाजू हमखास विसरली जाते. फ्रेम मिळाल्याची लॅपटॉपची पोच अ‍ॅक्सेस पॉइंटकडे येते तेव्हा शेजारी अजून बोलतच असतो. अ‍ॅक्सेस पॉइंटपाशी शेजारी उणे ७८ असेल तर लॅपटॉप त्याला निदान उणे ६३ च्या आसपास ऐकू आला पाहिजे. लॅपटॉप आणि फोन यांची पॉवर अ‍ॅक्सेस पॉइंटपेक्षा कमी असू शकते, त्यामुळे जाणारी फ्रेम पोहोचते पण पोच हरवते, असा प्रकार घडतो. बाहेरून तो साध्या रीट्रायसारखाच (फेरपाठवणीसारखाच) दिसतो.

प्रत्यक्ष नोंद

होस्टएपीडी (लिनक्सवर अ‍ॅक्सेस पॉइंट चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची खुली प्रणाली) वापरणाऱ्यांना दोन आकडे भरावे लागतात. पहिला स्पेशियल रीयूजचा नियंत्रण आकडा, जो बिटांचा बनलेला आहे: १ म्हणजे पीएसआर (पॅरामीटराइज्ड स्पेशियल रीयूज) ही स्पेशियल रीयूजची दुसरी पद्धत बंद, २ म्हणजे उंबरठ्याची पद्धत बंद, ४ म्हणजे उंबरठ्याची कमाल सोबत दिली आहे, ८ म्हणजे आपल्या गटाची माहिती दिली आहे. ३ लिहिले की दोन्ही पद्धती बंद. उंबरठ्याची पद्धत कमालीसह चालू आणि पीएसआर बंद ठेवण्यासाठी ५ लिहावे. दुसरा आकडा ही कमाल, म्हणजे उणे ८२ च्या वर किती जायचे. वरच्या उदाहरणात ७. हे आकडे बीकनमधून जातात आणि वायफाय ६ ची क्लायंट यंत्रेही तीच मर्यादा पाळतात, पण क्लायंटला ही सोय येत असेलच असे नाही. अ‍ॅक्सेस पॉइंट सुरू झाल्यावर बीकन पकडून त्यात रंग आणि कमाल खरोखर उमटली आहे का, ते पाहावे.

आपल्याच अ‍ॅक्सेस पॉइंटचा गट बांधून त्यांच्यासाठी निराळा, थोडा सैल उंबरठा देता येतो आणि परक्यांसाठी सावध राहता येते. वरच्या मजल्यावरचे जाळे कधी काय करील यावर आपला ताबा नसतो, आपल्या मजल्यावरच्या प्रत्येक भिंतीचे मोजमाप मात्र आपल्याकडे असते. त्यामुळे गटाची सोय उपलब्ध असेल तर ती आधी वापरून पाहावी.

तपासणी आणि माघार

कमाल एकदम पूर्ण न देता ३ पासून सुरू करावी. प्रत्येक बदलानंतर शेजारच्या सेलमध्ये, म्हणजे शेजारच्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या टापूत, आपणच मोठे डाउनलोड चालू ठेवून जवळच्या आणि कोपऱ्यातल्या अशा दोन्ही टेबलांवरून पूर्वीचीच चाचणी घ्यावी. ९९ वा शतमक खाली आला आणि रीट्राय वाढले नाहीत, तर पुढची पायरी. शतमक खाली येऊनही रीट्राय वाढले असतील, तर वेग निवडणारा अल्गोरिदम गोंधळला असण्याची शक्यता असते: तो मोकळ्या हवेतल्या यशावरून वरची पायरी निवडतो आणि ती व्यत्ययात पडते. अशा वेळी आवाजाच्या रांगेसाठी कमाल एमसीएसवर मर्यादा घालता येत असेल तर घालावी. नाहीतर उंबरठ्याची कमाल एक पायरी मागे घ्यावी.

आपल्या फायद्यात शेजाऱ्याचे नुकसान होत नाही ना, हेही पाहावे. पूर्ण पॉवरने चालणारे जुने जाळे उणे ८२ लाच थांबत राहते आणि आपण मध्ये मध्ये बोलत राहिलो तर त्याची पाळी लांबते. दोन्ही जाळी आपलीच असतील तर हे विशेष जाणवते: पॉवर कमी केलेला सेल सुरळीत, आणि मोठ्या सभागृहासाठी पॉवर वर ठेवलेल्या सेलमध्ये कॉल तुटणारे. अशा दोन सेलना एका चॅनेलवर ठेवू नये.

कोपऱ्यातल्या टेबलांची संख्या मोठी असेल, तर स्पेशियल रीयूजचा नाद सोडून तिथे एक अ‍ॅक्सेस पॉइंट वाढवावा किंवा असलेला हलवावा. अ‍ॅक्सेस पॉइंटनी आपसांत ठरवून, कोणी किती पॉवरने कधी बोलायचे हे प्रत्येक वेळी जुळवून घेण्याची पद्धत ८०२.११बीएन, म्हणजे पुढच्या वायफाय ८, साठी आखली जात आहे. ती हाती येईपर्यंत ही जुळवणी आपल्यालाच, टेबलागणिक मोजून, करावी लागते. शेजाऱ्याने राउटर बदलला, मजल्यावर नवे पार्टिशन उभे राहिले किंवा फर्मवेअर अद्ययावत झाले, की रंग, पॉवर आणि कमाल हे तीन आकडे बीकनमधून पुन्हा वाचावेत आणि कोपऱ्यातल्या टेबलाची चाचणी पुन्हा घ्यावी.