एनडीआयएसचे क्लेम अडकतात कुठे? बिलिंगमधल्या या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात आपली बरीच मंडळी आता डिसॅबिलिटी सपोर्टच्या कामात आहेत, ज्याचे पैसे एनडीआयएस या अपंग व्यक्तींसाठीच्या सरकारी योजनेतून मिळतात, कुणी सपोर्ट वर्कर म्हणून सुरुवात केली आणि मग एबीएन (व्यवसायाचा नंबर) काढून स्वतःचं छोटं प्रोव्हायडरचं काम उभं केलं, कुठे नवरा-बायको मिळून चालवतात. काम अगदी जीव ओतून करतात. पण बिलिंग म्हटलं की रविवारी रात्री बसायचं, आठवड्याभराच्या शिफ्ट आठवून आठवून भरायच्या, आणि क्लेम, म्हणजे दिलेल्या सेवेच्या पैशांची मागणी, रिजेक्ट झाला की तो जिथे टाकतो त्या ऑनलाइन पोर्टलला शिव्या. माझं स्पष्ट मत आहे, बहुतेक चुका पोर्टलवर होतच नाहीत, त्या शिफ्ट संपल्यावर नोट न लिहिल्यामुळे होतात. पोर्टल फक्त त्यातल्या काही दाखवतं. बाकीच्या पैसे मिळाल्यावर सुद्धा तशाच पडून राहतात आणि पुढे कधीतरी योजना चालवणाऱ्या एनडीआयएने पुरावा मागितला की बाहेर येतात.

आधी मिनिटांचं बघू, कारण ही चूक दिसत नाही आणि रिजेक्टही होत नाही. शिफ्ट झाली १ तास ४५ मिनिटं आणि क्वांटिटीच्या रकान्यात टाकलं १.४५. खरं म्हणजे तिथे १.७५ पाहिजे. २०२५-२६ ला सपोर्ट वर्करच्या वीकडे डेटाइमची कमाल मर्यादा तासाला ७०.२३ डॉलर आहे, म्हणजे बिल व्हायला हवं होतं १२२.९० आणि झालं १०१.८३. एका शिफ्टमागे २१ डॉलर गेले, तेही दरवेळी आपल्याच खिशातून, कारण अशा चुकीत आकडा नेहमी कमीच पडतो. मिनिटं ६० ने भागा किंवा बल्क फाइलमध्ये (अनेक क्लेम एकदम टाकायच्या सीएसव्ही फाइलमध्ये) तास-मिनिटांचा वेगळा रकाना आहे तो वापरा, दोन्ही एकाच ओळीत भरू नका. आणि ती सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये पुन्हा उघडून सेव्ह केलीत तर तारखा आपोआप दिवस-महिना-वर्ष होऊन बसतात, फाइलला हवं असतं आधी वर्ष मग महिना मग दिवस. अख्खी फाइल परत आली की सगळ्यात आधी हेच बघा.

आता आयटम नंबर, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या सपोर्टचा ठरलेला कोड. घरी आंघोळ, कपडे, जेवण भरवणं याला ०१_०११_०१०७_१_१ आणि बाहेर लायब्ररीत, पोहायला, मित्रांकडे घेऊन जाणं याला ०४_१०४_०१२५_६_१. दोन्हीची वीकडे डेटाइमची मर्यादा सारखीच आहे म्हणून लोक म्हणतात की काय फरक पडतो, पैसे तेवढेच ना. फरक पडतो हो! नोटमध्ये लिहिलंय "स्विमिंग पूलला गेलो, तीन तास" आणि क्लेम सेल्फ-केअरचा, म्हणजे कागद एक सांगतो आणि बिल दुसरंच. शिवाय पार्टिसिपंटच्या, म्हणजे सपोर्ट घेणाऱ्या व्यक्तीच्या, प्लॅनचा (त्याला मंजूर झालेल्या बजेटचा) रिव्ह्यू होतो तेव्हा पैसे कशावर खर्च झाले हे बघितलं जातं, आणि पार्टिसिपंट बाहेर जातच नाही असं चित्र आपल्या आळसामुळे तयार झालं तर त्याच्या पुढच्या प्लॅनला फटका बसू शकतो. मला या चुकीचा सगळ्यात जास्त राग येतो कारण नुकसान आपलं नाही, त्याचं होतं.

वेळेचंही तसंच. वीकडे डेटाइम म्हणजे सकाळी ६ ते रात्री ८, त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत इव्हिनिंग, शनिवार वेगळा, रविवार वेगळा, पब्लिक हॉलिडे वेगळा, सगळ्यांचे नंबर वेगळे. शनिवारी रात्री १० ला सुरू झालेली शिफ्ट रविवारी पहाटे २ ला संपली तर एका ओळीत बिल करू नका, दोन तारखा दोन ओळी. दर ठरवताना पार्टिसिपंटला सपोर्ट कधी दिला ते बघायचं, वर्करच्या पगाराच्या हिशेबात ती शिफ्ट काय म्हणून धरली जाते त्यावर क्लेम ठरत नाही. पब्लिक हॉलिडे तर राज्याप्रमाणे बदलतो. किंग्ज बर्थडे न्यू साऊथ वेल्स आणि व्हिक्टोरियात जूनमध्ये असतो, क्वीन्सलँडमध्ये ऑक्टोबरमध्ये, आणि रोस्टरचं सॉफ्टवेअर सिडनीवर सेट असेल तर ब्रिस्बेनच्या साध्या सोमवारी हॉलिडेचा रेट लागून जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही.

१ जुलैचा घोळ दरवर्षीचा. नवीन दर साधारण तेव्हा लागू होतात आणि लोक बिल बनवायच्या तारखेचा दर लावतात. दर लागतो सेवा दिली त्या तारखेचा. ३० जून २०२५ च्या शिफ्टला ६७.५६, दुसऱ्या दिवशीच्या शिफ्टला ७०.२३, जरी दोन्ही एकाच इन्व्हॉइसवर असल्या तरी. आणि ही कमाल मर्यादा आहे हं, पार्टिसिपंटशी केलेल्या सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंटमध्ये तुम्ही ६५ लिहून दिलंय तर मर्यादा वाढली म्हणून आपोआप ७०.२३ घेता येत नाही, आधी अ‍ॅग्रीमेंट बदला.

कॅन्सलेशन, प्रवास आणि "बाकीचा वेळ"

पार्टिसिपंटने ऐनवेळी रद्द केलं तर सपोर्ट वर्करच्या शिफ्टसाठी सात पूर्ण दिवसांपेक्षा कमी नोटीस असेल तर क्लेम करता येतो, पण त्याला अटी आहेत आणि त्याच लोक विसरतात. वर्करला तुम्ही त्या वेळेचे पैसे देणं भाग असलं पाहिजे, त्याला दुसरं बिल होणारं काम मिळालेलं नसलं पाहिजे, आणि हे सगळं अ‍ॅग्रीमेंटमध्ये आधी ठरलेलं पाहिजे. वर्करला दुसऱ्या क्लायंटकडे पाठवलंत आणि इकडे कॅन्सलेशनही लावलंत तर तो सरळ सरळ डबल क्लेम झाला. क्लेम टाइपमध्ये कॅन्सलेशन निवडायलाही विसरू नका, नाहीतर न दिलेली सेवा दिली असं नोंदलं जातं.

प्रवासात दोन गोष्टींची सरमिसळ होते. तुमचा वर्कर पार्टिसिपंटकडे पोचतो तो प्रोव्हायडर ट्रॅव्हल, आणि पार्टिसिपंटला गाडीत बसवून कुठे नेतो ते अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड ट्रान्सपोर्ट, दोन्हींचे नियम वेगळे. प्रोव्हायडर ट्रॅव्हलला मॉडिफाइड मोनॅश मॉडेलप्रमाणे (शहर ते दुर्गम भाग अशी वर्गवारी) १ ते ३ भागात एका बाजूला जास्तीत जास्त ३० मिनिटं, ४ आणि ५ मध्ये ६० मिनिटं. १५ मिनिटं लागली तर १५ चाच क्लेम, ३० हा फिक्स भत्ता नाही. एकाच भागात तीन जणांकडे गेलात तर तो वेळ तिघांत वाटायचा. थेरपिस्ट असाल तर १ जुलै २०२५ पासून प्रवासाच्या वेळेला तासाच्या मर्यादेच्या निम्माच दर आहे, जुनं टेम्प्लेट वापरत असाल तर आजच बदला.

नॉन फेस टू फेस म्हणजे पार्टिसिपंट समोर नसताना त्या एकासाठीच केलेलं काम, तेही आधी ठरवून. रोस्टर बनवणं, इन्व्हॉइस काढणं हे त्यात बसत नाही, तो खर्च तासाच्या दरात धरलेलाच आहे.

रिजेक्ट झालाच तर

लगेच रक्कम बदलून परत पाठवू नका. आधी नऊ आकडी एनडीआयएस नंबर आणि नाव जुळतंय का बघा. मग सेवेची तारीख चालू प्लॅनमध्ये पडते का, कारण मध्येच नवीन प्लॅन आलेला असतो आणि आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग पैसे शिल्लक आहेत का. १९ मे २०२५ पासून नवीन प्लॅनमध्ये फंडिंग पीरियड आलेत, बऱ्याचदा तीन-तीन महिन्यांचे, म्हणजे वर्षाचं बजेट भरपूर दिसत असलं तरी या तिमाहीचं संपलेलं असू शकतं. अशा वेळी शिफ्टची तारीख पुढच्या पीरियडमध्ये ढकलून क्लेम टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याचं ऐकू नका, ती खोटी नोंद आहे. पार्टिसिपंट आणि त्याच्या घरच्यांशी बोला, शिफ्ट कशा बसवायच्या ते आधी ठरवा.

प्लॅन मॅनेजरकडून (पार्टिसिपंटच्या वतीने बिलं भागवणाऱ्याकडून) इन्व्हॉइस परत येतं त्यामागे बहुतेक वेळा एबीएन नाही, तारखा एकत्र करून "आठवड्याचे १२ तास" असं लिहिलंय किंवा आयटम नंबरच नाही, असं काहीतरी साधं असतं. एक दिवस एक ओळ, एवढं केलं तरी खूप फोन वाचतात. जीएसटी बहुतेक एनडीआयएस सपोर्टवर लागत नाही पण लेखी अ‍ॅग्रीमेंट ही त्यातली अट आहे, तोंडी व्यवहारावर राहू नका.

जुने क्लेम राहिले असतील तर काढा, सेवा दिल्यापासून दोन वर्षांच्या आत क्लेम गेला पाहिजे असा नियम कायद्यातल्या बदलांनंतर ३ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. आणि नोट्स, रोस्टर, इन्व्हॉइस किमान पाच वर्षं सांभाळून ठेवा. नोट लांबलचक नको, सुरू किती वाजता, संपलं किती वाजता, काय केलं, कोणी केलं, एवढंच, पण वर्करने गाडी सुरू करायच्या आधी फोनवर लिहिलेलं.

जास्त पैसे आले असं लक्षात आलं तर गप्प बसू नका आणि पुढच्या बिलात परस्पर वळते तर अजिबात करू नका. तो क्लेम रद्द करा किंवा प्लॅन मॅनेजरला लेखी कळवून पैसे परत करा, बरोबर आकड्याने नव्याने टाका, आणि पार्टिसिपंटलाही सांगा. ते पैसे त्याच्या थेरपीचे, त्याच्या बाहेर जाण्याचे आहेत, बॅलन्स का बदलला हे त्याला कळायला हवं.