फ्युटॉनची गादी घेताय? आधी तिची घडी घालून बघा. या चुका टाळा

हॉलमध्ये दिवसा बसायला आणि पाहुणे आले की झोपायला म्हणून आम्ही फ्युटॉन घेतला, म्हणजे दुमडला की सोफा आणि उघडला की पलंग होणारा सांगाडा आणि त्यावरची गादी. सांगाडा उत्तम निघाला. गादी मात्र मी ‘जाड तेवढी चांगली’ या हिशेबाने ८ इंची आणली आणि पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. पाठ उभी करून खटका लागेना. दोघांनी रेटून लावला, तर बसलेला प्रत्येक जण हळूहळू पुढे घसरायला लागला.

चूक गादीची नव्हती, माझ्या हिशेबाची होती. फ्युटॉनची गादी मधोमध दुमडते. दुमडताना तिची आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते, आणि जाडी वाढेल तशी ही ओढाताण वाढते. शिवाय पाठीकडची गादी स्वतःच्या जाडीएवढी बैठक खाते. बैठक २८ इंच खोल असेल तर ८ इंची गादीने २० इंच उरते, ६ इंचीने २२. उंचीही बदलते. सांगाड्याच्या गादीखालच्या पट्ट्या जमिनीपासून ११ इंचांवर असतील तर ६ इंची गादीने बैठक १७ वर येते, म्हणजे साधारण खुर्चीएवढी. घरात गुडघे दुखणारं कोणी असेल तर पातळ गादी त्यांना खोल बसवते, उठताना हात द्यावा लागतो. रोजच्या वापराच्या लाकडी सांगाड्याला मी आता ६ इंच सांगते. पाहुण्यांपुरताच वापर असेल तर ५ सुद्धा चालते.

जमिनीवर अंथरायची असेल तर गोष्ट वेगळी. मूळ जपानी फ्युटॉन तसाच असतो: पातळ, कापसाचा, रात्री तातामीवर (तिथल्या गवती चटईच्या जमिनीवर) अंथरायचा आणि सकाळी घडी करून कपाटात ठेवायचा. आपल्या आजोळी सकाळी गाद्यांची चळत लागायची, तोच प्रकार. तिथे ३-४ इंच पुरतात. फक्त तातामी थोडी मऊ असते आणि आपली फरशी नसते, म्हणून खाली सतरंजी हवीच.

आता मापाचं. दुकानात नुसतं ‘सिंगल द्या’ म्हणू नका. ७२ × ३६, ७५ × ३६ आणि ७८ × ३६ इंच, तिन्ही सिंगल म्हणूनच विकल्या जातात. सांगाडा पूर्ण उघडा आणि टेप आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत लावा. झोपणाऱ्याची उंचीही धरा. पावणेसहा फुटी माणूस म्हणजे ६९ इंच. ७२ च्या गादीवर त्याचे पाय काठावर येतात. उंचीपेक्षा निदान ६ इंच जास्त लांबी ठेवावी.

कापसाची गादी शिवून घेणार असाल तर सगळ्यात मोठा घोळ खोळीत होतो. दोन सपाट कापडं कडेला जोडून शिवलेली ३६ इंची खोळ कापूस भरला की फुगते आणि तिची रुंदी ३३-३४ वर येते. जाडीला लागलेलं कापड रुंदीतूनच जातं ना! लांबीही तशीच आखडते. म्हणून एकतर चारी बाजूंनी कापडाची पट्टी लावून शिवायला सांगा, नाहीतर खोळ दोन-तीन इंच मोठी बेता. आणि गादीवाल्याला जाडी सांगून थांबू नका, किती किलो कापूस भरणार ते विचारा. नवी गादी टम्म दिसते, वापराने बसते. नवेपणीच्या जाडीवर बेत आखलात तर वर्षभरात पट्ट्या पाठीला लागतील.

फोम घेणार असाल तर डेन्सिटी विचारा, म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो ते. रोज झोपायचं असेल तर ३२ च्या खाली जाऊ नका. काथ्याची आणि साधी स्प्रिंगची गादी फ्युटॉनवर नकोच. एक दुमडीला मोडते, दुसरी दुमडतच नाही.

घेऊन झाली असेल आणि त्रास देत असेल तर? घसरत असेल तर खाली रबराची जाळी अंथरा, वीस मिनिटांचं काम. मध्ये खड्डा पडत असेल तर गादीला बोल लावण्याआधी पट्ट्यांमधली अंतरं मोजा. तीन इंचांहून जास्त असतील तर मध्ये आणखी पट्ट्या ठोकून घ्या. कापसाच्या गुठळ्या झाल्या असतील तर कापूस पुन्हा पिंजून भरता येतो, गादी टाकायची गरज नाही. पावसाळ्यात मात्र दर दोन-तीन दिवसांनी ती भिंतीला उभी करून पंखा लावा, विशेषतः जमिनीवरची. खालच्या बाजूला बुरशी धरते आणि चादरीमुळे ती दिसत नाही.

आमची ८ इंची गादी आता आतल्या खोलीत दिवाणावर आहे. तिथे तिची घडी घालायची वेळच येत नाही.