चौकटींच्या पटावर जीवसंख्या वाचण्याची रीत

सेल्युलर ऑटोमॅटा, म्हणजे शेजारच्या घरांकडे पाहून प्रत्येक घराची पुढची स्थिती ठरवणारे चौकटींचे पट, चालवणे सोपे असते. पण त्यावरून एखाद्या जीवजातीच्या संख्येविषयी काही म्हणायचे असेल, तर घर, पायरी आणि शेजार यांचा अर्थ आधी लिहून ठेवावा. गोव्यातील चोडण बेटाच्या काठची खारफुटी घेऊ. आलेखाच्या कागदावरील एक घर म्हणजे एका झाडापुरता चिखल, एक पायरी म्हणजे बी पडण्याचा एक हंगाम आणि भोवतालची आठ घरे म्हणजे शेजार. कांदळ या खारफुटीच्या झाडाचे बी झाडावरच रुजते. खाली पडलेली काही रोपे तिथेच मूळ धरतात, काही भरतीबरोबर दूर जातात. आठ घरांच्या नियमात पहिलीच गोष्ट मावते, म्हणून दूरच्या रिकाम्या घरात क्वचित रोप उगवण्याची लहानशी शक्यता वेगळी जोडावी.

आता गणितज्ञ जॉन कॉनवे यांच्या 1970 मधील ‘गेम ऑफ लाइफ’ या सेल्युलर ऑटोमॅटाच्या नियमांकडे पाहू. दोन किंवा तीन जिवंत शेजारी असलेले जिवंत घर टिकते, बाकीची जिवंत घरे मरतात. रिकाम्या घराला नेमके तीन जिवंत शेजारी असले तर तिथे जन्म होतो. चारपेक्षा कमी शेजारी असताना जागेची ओढाताण नसते आणि दाटीने झाड मरते, हे पटते. पण एकटे पडल्याने ते का मरावे याचे कारण सांगता येत नसेल, तर तो नियम खारफुटीसाठी बदललाच पाहिजे.

पहिली पायरी हाताने करावी. तीन ओळी व तीन रकान्यांच्या चौकोनात वरच्या ओळीत दुसरे व तिसरे, मधल्या ओळीत पहिले व दुसरे, खालच्या ओळीत दुसरे घर भरावे. मधल्या घराला चार शेजारी असल्याने ते मरते, डावीकडचे दोन कोपरे जन्मतात आणि पाचाची सहा घरे होतात. अमर्याद पटावर ही आकृती 1103 पायऱ्यांनंतर 116 जिवंत घरांवर स्थिरावते.

मात्र नुसत्या संख्येवर विसंबू नये. जिवंत घरे पटावर कायम सरमिसळ विखुरलेली असतात असे मानून हिशेब केला, तर सुमारे 37 टक्के पट भरलेला राहील असे उत्तर येते. प्रत्यक्षात यादृच्छिक सुरुवातीनंतर पट निवळतो तेव्हा सुमारे 3 टक्केच घरे जिवंत उरतात. ही तफावत शेजाराच्या मांडणीतून येते, आणि माझ्या मते या प्रतिमानाचे खरे मोल तिथेच आहे. म्हणून दर पायरीला संख्येबरोबर झुबक्यांचे आकारही नोंदवावेत.

शेवटी कडा. बांधाने वेढलेले खाजन, म्हणजे खाडीकाठची सखल जमीन, दाखवायचे असल्यास पटाबाहेरची घरे कायम रिकामी धरावीत आणि मानशीच्या, म्हणजे बांधातील पाण्याच्या दाराच्या, जागीच बाहेरून बी येऊ द्यावे.