तुळशीच्या अर्कात एस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज शून्य दिसत होते: माझा अनुभव

शिरोळकडची क्षारपड जमीन डोळ्यांपुढे ठेवून कोल्हापुरात कुंडीतल्या तुळशीला १०० मिलिमोलर मिठाचे पाणी दिले, तेव्हा पानांतले हायड्रोजन पेरॉक्साइड तोडणाऱ्या विकरांपैकी (एन्झाइमांपैकी) कॅटालेज नीट मोजता आले, एस्कॉर्बेट (क जीवनसत्त्व) वापरून ते तोडणारे एस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज मात्र शून्य. अर्कही चहासारखा तपकिरी होई. चाचणीत घालायचे हायड्रोजन पेरॉक्साइड बदलले, पाने दुप्पट घेतली. तीन आठवडे वाया गेले.

दोष अर्काच्या बफरमध्ये, म्हणजे पाने ज्या द्रावणात वाटतो त्यात होता, कारण एस्कॉर्बेट नसेल तर हे विकर, विशेषतः हरितलवकातले, झपाट्याने निकामी होते. म्हणून सामू ७ असलेल्या ५० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये अर्क तपकिरी करणारी फिनॉल द्रव्ये बांधून ठेवणारे पीव्हीपी (पॉलिव्हिनिलपायरोलिडोन) २ टक्के विरघळवले, पाने वाटण्याच्या ऐन आधी १ मिलिमोलर एस्कॉर्बेट घातले, बर्फावरच्या खलात पाने वाटली, ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज केले आणि लगेच २९० नॅनोमीटरवर प्रकाशशोषणाचा उतार, म्हणजे एस्कॉर्बेट संपण्याचा वेग, मोजला. त्यातून पेरॉक्साइडविना येणारा उतार वजा करावाच लागतो. अर्क फिका हिरवा राहिला आणि आकडा आला.